चैत्रातली पानगळ आणि पन्नासाला एक चढ

ओटागो सेंट्रल रेल ट्रेल हा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा क्लाइड ते मिडलमार्च असा १५२ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. पूर्वी येथून आगगाडी धावत असे. आता रूळ गेले, स्लीपर गेले, गार्डही गेला. चढ तेवढा जागेवर राहिला, आणि या मार्गाची सारी पुण्याई त्या चढातच आहे. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही. म्हणून आखणी करणाऱ्यांनी पन्नास फुटांना एक फूट यापेक्षा जास्त चढ कोठेही येऊ दिला नाही. बोरघाटात हाच हिशेब सदतीसला एक असा आहे. इंजिनाच्या या लाडांचा फायदा आज पन्नाशी उलटलेले, पहिल्या मजल्यावरही लिफ्टने जाणारे लोक घेतात, आणि घरी परतल्यावर ‘डोंगर ओलांडले’ असे सांगतात. ते खोटे नसते. फक्त डोंगराला आधी कोणी तरी समजावून ठेवलेले असते.

रेल्वेचे काम १८७९ मध्ये सुरू झाले. गाडी मिडलमार्चला १८९१ मध्ये पोहोचली आणि क्लाइडला १९०७ मध्ये. म्हणजे हे १५२ किलोमीटर कापायला तिला सोळा वर्षे लागली. पैसा संपला की काम थांबे, मंजुरी आली की पुन्हा सुरू होई. सरकारी कामाची ही चाल मराठी वाचकाला परकी वाटू नये. पुढे मालवाहतूक ट्रकांनी पळवली. तरीही क्लाइडच्या मोठ्या धरणाचे सामान वाहण्यापुरती ही गाडी जिवंत ठेवण्यात आली, आणि ती गरज सरताच १९९० मध्ये मिडलमार्चच्या पुढचा मार्ग बंद झाला. रूळ उखडले गेले, जमीन १९९३ मध्ये संवर्धन खात्याकडे आली आणि २००० मध्ये संपूर्ण सायकलमार्ग खुला झाला. आपल्या कुंपणाला लागून लोकांनी सायकली हाकाव्यात ही कल्पना शेजारच्या काही शेतकऱ्यांना आधी मुळीच रुचली नव्हती. आज त्याच पंचक्रोशीत पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, न्याहारी आहे आणि सायकलला हवाही भरून मिळते.

प्रवासाचा खास हंगाम शरदाचा, आणि तेथे तो एप्रिलमध्ये येतो. मराठी घरात पन्हे आणि कैरीची डाळ चालू असते तेव्हा तिकडे पॉप्लर आणि विलो पिवळे धमक झालेले असतात. ही सोनेरी शोभा मुळात बाहेरून आलेल्यांची आहे. न्यूझीलंडची अस्सल देशी झाडे बहुतेक सदाहरित. पाने गाळण्याचा उद्योग मुख्यतः वसाहतवाल्यांनी आणलेली झाडेच करतात. मागचे डोंगर वर्षभर वाळक्या गवताच्या रंगाचेच राहतात. अलेक्झांड्राच्या परिसरात वर्षाकाठी जेमतेम ३५० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच्यापुढे माणदेशही पाणीदार म्हणावा लागेल. पाऊस आड येत नाही, ही उणीव वारा भरून काढतो. चढाचा बंदोबस्त इंजिनिअरांनी केला. वाऱ्याचा करणे त्यांच्या हातात नव्हते. क्लाइडहून निघणारे सांगतात की वारा समोरून होता. मिडलमार्चहून निघणारेही तेच सांगतात.

बहुतेक लोक तीन ते पाच दिवस घेतात. सामान व्हॅन पुढे नेते, त्यामुळे स्वाराजवळ पाण्याची बाटली, पावसाळी जाकीट आणि शिक्क्यांची पुस्तिका एवढेच उरते. जुन्या स्टेशनांच्या जागी शिक्के ठेवलेले आहेत, आणि पुस्तिकेत ते उमटवून घेताना मोठमोठे अधिकारी शाळकरी पोरांसारखे रांगेत उभे राहतात. एखाद्याचा शिक्का तिरका उमटला तर त्याचा उरलेला दिवस वाईट जातो. बसण्याची गादी हा दुसरा विषय. पहिल्या दिवशी तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळेच बोलतात, आणि बहुतेक उभ्यानेच. विजेवर चालणाऱ्या सायकली आल्यापासून स्वारांत दोन जाती झाल्या आहेत. साधा सायकलवाला विजेच्या सायकलवाल्याकडे तुच्छतेने पाहतो. मात्र वारा सुटला की ते पाहणे मागून असते.

क्लाइड ते अलेक्झांड्रा हा सुमारे आठ किलोमीटरचा टप्पा इतका सपाट आहे की नवख्याचा आत्मविश्वास तेथेच बिघडतो. अलेक्झांड्रा ईस्टरच्या सशांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध आहे. शिकारीची हौस भागावी म्हणून एकोणिसाव्या शतकात ससे मुद्दाम आणून सोडले गेले. त्यांनी कुरणे फस्त केली, आणि आता ईस्टरला टोळ्या जमून त्यांना हजारोंनी मारतात. पुढे चॅटो क्रीकला एक खानावळ-वजा-मद्यगृह आणि त्याच्या आवारात कपाटाएवढे जुने टपाल कार्यालय आहे. तेथून टायगर हिलचा चढ लागतो. या चढासाठी रेल्वेने लांबच लांब वळसा घेतला आहे. वाघ अर्थातच नाही, पण पन्नासाला एकचे खरे रूप येथेच कळते: चढ डोळ्यांना दिसत नाही, फक्त मांड्यांना कळतो. ओमाकाऊजवळच्या ओफीर गावात १९९५ च्या जुलैत पारा उणे २१.६ अंशांवर गेला होता. एप्रिलमध्ये तितके होत नाही, पण पहाटे हँडलला हात लावणारा हा आकडा विसरत नाही.

लॉडरच्या पुढे पूलबर्न घळ आहे. येथील उंच पूल १०८ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच असून त्याचे खांब स्थानिक दगडाचे आहेत. लागूनच दोनशे मीटरहून लांब असे दोन बोगदे आहेत. आत दिवा लागतो, म्हणून टॉर्च बरोबर ठेवण्याची सूचना असते. जगातल्या कोणत्याही देशाचा माणूस बोगद्यात शिरल्यावर पहिल्या दहा पावलांत ओरडतो, आणि आपला आवाज परत आल्यावर समाधान पावतो. समोरून दुसरी टोळी ओरडत आली की मात्र दोन्हीकडचे एकदम सभ्य होतात.

ओटूरेहुआ येथे अर्नेस्ट हेज यांचा कारखाना जपून ठेवलेला आहे. १८९५ पासून हेज तेथे शेतीची अवजारे करीत. सशांसाठी विषारी गोळ्या पाडण्याचे यंत्र हे त्यांच्या सुरुवातीच्या उत्पादनांपैकी एक, आणि कुंपणाची तार ताणण्याचे साधन पुढे जगभर गेले. ही अवजारे विकायची कोणी, तर त्यांच्या पत्नी हॅना यांनी. घोळदार लांब झगा घालून त्या सायकलवर मैलोन्मैल शेते पालथी घालत आणि ऑर्डरी घेऊन येत. रस्ते खडबडीत, गिअर नाही, व्हॅन नाही. आजचा स्वार कारखान्यासमोर सायकल टेकवून आपल्या गुडघ्यांविषयी बोलू लागतो तेव्हा हॅना यांची हकिगत सांगणारा फलक वाचून विषय बदलतो.

पुढे ६१८ मीटरवर मार्गाचा सर्वोच्च बिंदू येतो आणि मग वेडरबर्न. या भागात वेडरबर्न, गिमरबर्न, काइबर्न, स्विनबर्न अशी गावे व ओढे आहेत. भूमापक जॉन टर्नबुल थॉमसन यांनी आपल्या मूळ प्रांताच्या बोलीतली मेंढ्या, गाई, डुकरांची नावे नकाशाभर वाटली. वरिष्ठांनी आधीची नावे नाकारल्यामुळे त्यांनी हा राग काढला, अशी आख्यायिका आहे. रॅनफर्ली येथे सूर्य आहे. हे विधान अक्षरशः खरे: सूर्यमालेची प्रतिकृती या मार्गावर मांडलेली असून ग्रह प्रमाणात अंतर राखून उभे केले आहेत. क्लाइडकडून येणाऱ्याला आधी बाहेरचे ग्रह लागतात, आणि वारा समोरून असला तर नेपच्यून ते गुरू हे अंतर किती प्रचंड आहे हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नीट समजते.

हाइडजवळ ४ जून १९४३ रोजी वळणावर भरधाव गाडी रुळांवरून उतरली आणि २१ जण दगावले. त्यांचे दगडी स्मारक मार्गालगत आहे. तेथे बहुतेक लोक सायकलवरून उतरतात.

हाइडपासूनचे उरलेले सुमारे २७ किलोमीटर सरळ, मोकळे आणि मेंढ्यांच्या नजरेखालचे. मिडलमार्च हे गाव छोटे, पण त्याची कीर्ती मोठी आहे ती अविवाहितांच्या नृत्यमेळाव्यामुळे. आसपासच्या शेतकऱ्यांना जोडीदार मिळेना म्हणून २००१ पासून डनिडनहून अविवाहित मुलींची आगगाडी भरून येथे आणली जाऊ लागली. सायकलने पोहोचणाऱ्यांना असा थाट मिळत नाही. त्यांना चीज रोल मिळतो: पावाच्या कापावर चीज आणि कांद्याच्या सुपाची पूड पसरून गुंडाळी करायची आणि भाजायची. दोन खाल्ल्यावर बसण्याच्या गादीबद्दलचे मत सौम्य होते. मग व्हॅन मागे सायकली लादून क्लाइडला परत निघते. चार दिवसांचा प्रदेश ती दोनएक तासांत उलटा दाखवते, आणि रॅनफर्ली येईतो आतले सगळे घोरत असतात.