चाळमालकाची दीर्घकालीन संपत्ती
लहान खोल्या बांधून भाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या निश्चिंत राहण्याचा मार्ग गिरगावच्या चाळमालकांनी फार पूर्वीच चोखाळला होता. मात्र १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे, म्हणजे मालकास आकारता येणारे कमाल भाडे, सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवल्यामुळे गुंतवणूक दीर्घकालीन झाली आणि संपत्ती भाडेकरूकडे गेली. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून पागडी, म्हणजे भाडेहक्काच्या हस्तांतराची एकरकमी किंमत, लाखांत मोजून घेऊ लागला, आणि ज्याच्या नावावर गळकी कौले उरली होती तो मालक आपल्या वाट्यासाठी त्याच्याच दारात ताटकळू लागला. १९९९ च्या कायद्याने दरसाल ४ टक्के भाडेवाढीची उदार मुभा दिली. ६० रुपये भाड्यावर ती २ रुपये ४० पैसे भरते, आणि पावती फाडणाऱ्या मेहताजीचा चहाही त्यात बसत नाही.