ग्रुप हलवायचा कुठे?

जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सअॅपने नवी प्रायव्हसी पॉलिसी पुढे केली आणि आपल्याला प्रायव्हसी असते हे आमच्या डोंबिवली पूर्वेच्या सोसायटीला कळलं. तोवर चौथ्या मजल्यावरच्या फोडणीत लसूण किती पडला हेसुद्धा तळमजल्याला माहीत असायचं. पण आता मामला झुकेरबर्गचा होता. मेंटेनन्स कोणी थकवलाय हे त्याला कळता कामा नये, यावर गच्चीवर मास्क लावून एकमत झालं. थकबाकीदारांची यादी तेव्हा खाली फळ्यावर लटकत होती, रकमेसकट.

सेक्रेटरी म्हणाले, "टेलिग्राम! तिथे नंबर लपवता येतो."

"काका, नंबर लपतो, पण ग्रुपवरचं सगळं त्यांच्या सर्व्हरवर राहतं आणि किल्लीही त्यांच्याकडेच," इंजिनिअरिंगची एक मुलगी म्हणाली. "व्हॉट्सअॅपला मेसेज वाचता येत नाहीत, पण नंबर गावभर. सिग्नल खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं, याखेरीज फारसं काही ठेवतच नाही."

"मग माझे गुड मॉर्निंग जपणार कोण?" खजिनदार हबकले.

तरी सिग्नलवर गेलो. पण 'उद्या पाणी नाही' हा मेसेज जुन्याच ग्रुपवर पडला आणि सगळे बादल्या घेऊन परतले. सिग्नलवर एकटे सेक्रेटरी उरले. त्यांची प्रायव्हसी परिपूर्ण झाली.

नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच पॉलिसीवरून स्पर्धा आयोगाने मेटाला 213.14 कोटींचा दंड ठोठावला. आमच्या सिंकिंग फंडात त्यातला छदामही आला नाही. माझा नंबर मात्र घोडबंदर रोडचे फ्लॅट विकणाऱ्यापर्यंत पोचला आहे, आणि तो झुकेरबर्गने दिलेला नाही. लोकलमध्ये कळव्याजवळ रेंज गेली म्हणून ओटीपी दोनदा, तोही ओरडून सांगणाऱ्या बाई मी ऐकल्या आहेत. त्यांच्यापुढे कुठलं एन्क्रिप्शन टिकणार?

अॅडमिन मंडळींनो, अॅप कुठलंही घ्या, पण इन्व्हाइट लिंक फळ्यावर चिकटवू नका. नुसत्या सूचना द्यायच्या असतील तर व्हॉट्सअॅपची कम्युनिटी काढा. तिथल्या सूचनांच्या ग्रुपवर सभासदांचे नंबर सगळ्यांना दिसत नाहीत. आणि घर सोडून गेलेल्या भाडेकरूंना आधी काढा. आमचे एक केव्हाच पुण्याला गेले, तरी पाणी कधी येणार म्हणून अजून विचारतात.