पाहायचं पाणी

वाशिमात समुद्राचा उल्लेख फक्त रेल्वे स्टेशनवर सापडतो. फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी, तिच्यावर ठळक काळ्या अक्षरांत गावाचं नाव, आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. साडेपाचशे मीटरच्या आसपास. अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीतल्या माणसाला त्या आकड्याशी काही कर्तव्य नसतं. तो भजी खात असतो. मला मात्र लहानपणापासून त्या पाटीचं नवल वाटत आलं आहे. अरबी समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटर, बंगालचा उपसागर त्याहूनही दूर. जूनमध्ये चार ढग धाडण्यापलीकडे दोघांनीही आमच्याकडे कधी ढुंकून पाहिलेलं नाही. तरी आमची उंची मोजायची ती त्यांच्याच पायापासून. सातबाऱ्यावर न पाहिलेल्या खापरपणजोबांचं नाव असावं, तसा समुद्र आमच्या कागदोपत्री आहे.

एरवी आमचं पाण्याशी नातं हिशेबाचं. एकबुर्जी धरणात किती टक्के साठा उरला, हे वाशिमकराला घरातल्या शिल्लक पैशांपेक्षा नेमकं ठाऊक असतं. होळी झाली की रस्त्यात भेटणारा माणूस तब्येतीच्या आधी नळाची चौकशी करतो. पाणी साठवायचं, पाण्याची वाट पाहायची, पाण्यावरून भांडायचं, आणि पद्मतीर्थाच्या काठावर उभं राहून त्याला हात जोडायचे, एवढं आम्हाला येतं. खारं पाणी बघायचंच झालं तर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. ते आकाशातून उल्का पडून झालं, म्हणजे त्यातही समुद्राचं श्रेय काही नाही. पण नुसतं पाहत बसायचं म्हणून पाणी असतं, त्याच्याकडून दुसरी कसलीच अपेक्षा ठेवायची नसते, ही कल्पना आमच्या पठारावर कधी रुजली नाही.

त्यामुळे अंदमानला जायचं ठरलं तेव्हा घरात त्याला सुट्टी कुणीच म्हटलं नाही. आईच्या लेखी प्रवास म्हणजे शेगाव, माहूर, पंढरपूर, फार तर तिरुपती. जिथं देव नाही तिथं विमानानं जाऊन करायचं काय? मराठी माणसाच्या सुदैवानं अंदमानात सेल्युलर जेल आहे. सावरकरांची कोठडी पाहायला चाललो म्हटलं की वाळूत लोळायला जाण्यालाही सोवळं नेसवता येतं. शेजारपाजारच्यांना आम्ही तसंच सांगितलं. पोहायच्या कपड्यांविषयी कुणी विचारलं नाही आणि आम्हीही विषय काढला नाही. बॅगेत जवसाची चटणी, तिळाची चटणी, दशम्या आणि ठेचा एवढा भरला, की कुणी पाहिलं असतं तर शिक्षा आम्हालाच झाली आहे असं वाटलं असतं.

कोठडीपाशी आईनं चपला काढल्या. 1906 साली बांधून पूर्ण झालेल्या त्या तुरुंगाच्या सात रांगांपैकी आता तीनच उभ्या आहेत. एका रांगेची तोंडं दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कुणाला कुणाचा चेहरा दिसू नये. झरोका इतका उंच, की चहूकडून समुद्रानं वेढलेल्या माणसाला आत बसून समुद्रही दिसू नये. सावरकर इथं 1911 ते 1921 अशी दहा वर्षं होते. तेलाचा कोलू पाहून सोबत आलेले काका गप्प झाले. ज्यानं बैलाला जू दिलं आहे, त्याला माणसाला जुंपणं म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि मग दुपारी, जेवण झाल्या झाल्या, आमच्या कार्यक्रमपत्रिकेनुसार आम्हाला पाण्यावरच्या स्कूटरवर बसून आनंदानं ओरडायचं होतं. बेटावरच्या सहलीतली सगळ्यात अवघड कसरत हीच. गळ्यात दाटलेला आवंढा आणि छातीवर आवळलेलं नारिंगी जॅकेट, दोन्ही एकाच दिवशी सांभाळायचं. आई स्कूटरवर बसली नाही. ती धक्क्यावर बसून राहिली आणि ओरडणाऱ्यांकडे, वरातीत दुरून नाचणाऱ्यांकडे पाहावं तशा सौम्य नजरेनं पाहत होती.

खरा समुद्र भेटला तो हॅवलॉकवर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, राधानगरच्या किनाऱ्यावर. ‘टाइम’ नियतकालिकानं 2004 साली आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून ज्याचं नाव घेतलं, तो हाच. आईला ‘टाइम’चं काही नव्हतं. ती पदर खोचून घोटाभर पाण्यात गेली, उभी राहिली, आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘येवढं पानी कधी पायलं नोतं बाप्पा. अन् प्याच्या कामाचं घोटभर नाई!’’ तक्रार होती की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही. तिनं कमरेची पिशवी उघडली, कागदाच्या पुडीतून चिमूटभर कुंकू घेतलं आणि वाकून लाटेवर सोडलं. लाट मागे गेली, थोडी थबकली आणि परत येताना कुंकवाची लाल रेघ आईच्या पावलांवर ठेवून गेली. आईनं पुन्हा चिमूट सोडली. पुन्हा परत. नदी दिलेलं घेऊन जाते. समुद्राला कुणाचं काही ठेवून घ्यायची गरज नसावी. तिसऱ्यांदा मात्र तिनं पुडी बंद केली आणि म्हणाली, ‘‘राहू दे. त्याले पोचलं.’’

तेव्हा मला पैनगंगा आठवली. वाशिमचं पठार म्हणजे मोठा गमतीदार पाणलोट आहे. काटेपूर्णा आमच्या जिल्ह्यातल्या डोंगरात उगवते आणि उत्तरेला अकोल्याकडे उतरून पूर्णेला, तापीला आणि शेवटी अरबी समुद्राला मिळते. दक्षिणेकडच्या शिवारातलं पाणी पैनगंगेत जातं. तिथून वर्धेत, प्राणहितेत, गोदावरीत आणि अखेर बंगालच्या उपसागरात. म्हणजे एकाच दुपारी पडलेल्या पावसाची एका बांधावर वाटणी होते. एक भाऊ पश्चिमेला जातो, एक पूर्वेला, आणि दोघं पुन्हा कधी भेटत नाहीत. अंदमान ज्या पाण्यात उभं आहे, त्यात रिसोडच्या शिवारातला पाऊस कुठेतरी असणारच. मी हे काकांना सांगितलं. त्यांनी दूरवर क्षितिजापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, ‘‘म्हंजे येवढं सारं आपल्या वावरातून वाहून आलं काय? बांध घालाले पायजे होते.’’

काका हे आमच्या सहलीतलं दुःखी माणूस. बेटावरचं मुख्य सुख म्हणजे आरामखुर्चीत पडून राहणं, आणि त्यांना पडून राहायची सवय नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाला सुट्टी असते, मालकाला नाही. ‘‘नुसतं बसाचे पैसे भरले काय आपण?’’ हा प्रश्न त्यांनी पहिल्या सकाळीच विचारला, आणि खरं सांगायचं तर त्याला उत्तर नव्हतं. भरले होतेच. किनाऱ्याच्या कडेनं मोठाली सावलीची झाडं उभी आहेत. तिथले लोक त्यांना ‘सी महुआ’ म्हणतात. मोह आणि चिकू ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड. मोह म्हटल्यावर काकांना ओळखीचा माणूस भेटला. तासाभरानं पाहतो तर त्यांनी झाडाखालचा पालापाचोळा गोळा करून, वाळक्या काड्यांचा वेगळा ढीग लावून, बुंध्याभोवतीची जागा लख्ख केली होती. शेजारच्या खुर्चीतली एक परदेशी बाई पुस्तक बाजूला ठेवून त्यांच्याकडे पाहत होती. ते ध्यानाचा एखादा प्रकार करत असावेत, असा तिचा समज झालेला दिसला. तो अगदीच चुकीचा होता असं म्हणवत नाही.

पुढे रॉस बेटावर, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, त्यांच्या संयमाचा कस लागला. इंग्रजांनी हौसेनं अंदमानात चितळं आणून सोडली. वाघ-बिबट्या तिथं नाहीच, म्हणून ती फोफावली आणि एका बेटावरून दुसऱ्यावर पोहत जाऊ लागली. रॉसवर ती इतकी माणसाळली आहेत, की पर्यटक त्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या जिल्ह्यातला, रोह्यांनी सोयाबीन तुडवलेलं पाहिलेला, रानडुकरांसाठी थंडीत जागल केलेला शेतकरी तिथं उभा होता, आणि समोर एक बाई चितळाला बिस्किट भरवत होती. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ‘‘याइले कोनी हाकलून नाई रायलं!’’ एवढंच ते पुटपुटले. शहीद द्वीपावर मात्र त्यांचा जीव रमला. रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी तिथल्या वस्त्यांची आणि किनाऱ्यांची नावं. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं हे बेट भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे. आम्ही समुद्रातला खडकांचा नैसर्गिक पूल पाहायला गेलो, तेव्हा काका एका वांग्याच्या वाफ्याशी उकिडवे बसून एका बंगाली म्हाताऱ्याला ‘‘एकर में कितना निकलता?’’ असं विचारत होते. दोघांचंही हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळे गप्पा फार छान रंगल्या. परतताना त्यांनी पुलाविषयी विचारलंसुद्धा नाही.

गैरसोयींची मोजदाद करायची तर बोटीपासून करावी लागेल. पोर्ट ब्लेअरहून (त्याचंही आता श्री विजयपुरम झालं आहे) बोट खुल्या समुद्रात शिरली, की पठारावरच्या माणसाला आपल्या पोटात काय काय आहे याचं सविस्तर ज्ञान होतं. मग घाम, केसांत मीठ, आणि वाळू. वाळू तर घरी आल्यावर वहीच्या पानांतूनही निघते. प्रवाळ बेटांवरच्या त्या शुभ्र वाळूचा बराच भाग पोपटमाशाच्या पोटातून आलेला असतो. हा रंगीत मासा प्रवाळ कुरतडतो, त्यातलं खाण्याजोगं तेवढं पचवतो आणि उरलेला चुरा मागच्या मागे सोडून देतो. जोडपी हातात हात घालून ज्यावर नावं लिहीत होती, ते हे. मी ही माहिती बायकोला नेमकी सूर्यास्ताच्या वेळी सांगितली. ती म्हणाली, ‘‘आत्ताच सांगायचं होतं का?’’

सूर्यास्ताचंही तिथं वेगळंच. घड्याळ आपलंच, पण बेटं आपल्यापासून पंधरा-सोळा अंश पूर्वेला. अंशाला चार मिनिटं या दरानं तासाभराचा फरक पडतो. हिवाळ्यात संध्याकाळी पाचला दिवस बुडतो. वाशिमला त्या वेळी चहाचं आधण ठेवलेलं असतं; तिथं कंदील लागतात. सातला मध्यरात्र झाल्यासारखं वाटतं आणि नऊपर्यंत माणसं एकमेकांशी खरोखरीच बोलू लागतात, कारण दुसरं करण्यासारखं काही उरत नाही. मोबाइलला रेंज येऊन जाऊन. अशा एका लांबलेल्या रात्री आईनं तिच्या माहेरच्या विहिरीची हकीकत सांगितली. ती मी आधी कधीच ऐकली नव्हती. पूर्ण ऐकायला बंगालच्या उपसागरापर्यंत जावं लागलं, एवढंच.

त्या अंधारात बॅटरी लावली की वाळूवर शंख चालताना दिसतात. आत मऊ पोटाचा खेकडा असतो. त्याला स्वतःचं कवच नाही. मेलेल्या गोगलगायीचा शंख शोधायचा, आत शिरायचं, आणि अंग वाढलं की मोठा शंख पाहून बिऱ्हाड हलवायचं. मी एकाला बराच वेळ पाहिलं. त्यानं एक शंख आतून नांगीनं चाचपला, बाहेरून फिरून पाहिला, उलटा केला, पुन्हा आत नांगी घातली, आणि शेवटी आपल्या जुन्याच शंखात मुकाट परत गेला. बायकोनं वेचून ठेवलेले शंख मग मीच हळूच जागेवर ठेवून आलो.

परतीच्या दिवशी गाडीचा चालक एका उतारावर थांबून फोनवर कुणाशी तरी तावातावानं बोलत होता. नळ आला नव्हता. पोर्ट ब्लेअरला पिण्याचं पाणी धनीखारी धरणातून येतं. पाऊस आमच्या तिपटीहून जास्त पडतो, पण डोंगर उतरता आणि समुद्र जवळ. पाणी थांबत नाही, आणि उन्हाळ्यात शहराला ते दिवसाआड, कधी त्याहून उशिरा मिळतं. काकांनी मागच्या सीटवरून पुढे वाकून विचारलं, ‘‘बांध में कितना टक्का है?’’ चालकानं आकडा सांगितला. काकांनी मान हलवली, आणि विमानतळ येईपर्यंत दोघं टँकरविषयी बोलत राहिले. सबंध सहलीत काका इतके खुशीत मी पाहिले नव्हते.

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, आणि किनाऱ्यावर चारच्या आत पोहोचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना न्याच. बोटीत चढण्याआधी त्यांना उलटीची गोळी द्या. शंख-प्रवाळ उचलू नका, कायद्यानं बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासून काढून घेतात. आणि आंघोळीला बादली अर्धीच भरा, कारण खोलीतलं पाणी समुद्राचं नसतं.