आमचा धोका, त्यांचा विकास

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, वाकोला नाला घराघरांत शिरला आणि सरकारला आम्हा नाल्याकाठच्यांची काळजी लागली. मिठीकाठची दलदल बुजवून वसवलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलाची मात्र नाही. पाण्याची जागा गरिबाने घेतली तर अतिक्रमण, प्राधिकरणाने घेतली तर दूरदृष्टी! शहरातल्या कितीतरी नाल्याकाठच्यांना भल्यासाठी म्हणून माहुलच्या घराची चावी मिळाली; तिथे शेजाराला तेलशुद्धीकरण कारखाने. इथे नाक धरून पोहायचं, तिथे नुसतंच नाक धरायचं. आम्हाला हलवताना समुद्राची पातळी वाढत असते, टॉवरला परवानगी देताना झर्रकन उतरते. ही भरती-ओहोटी मंत्रालयातल्या कुठल्या टेबलावर ठरते, तेवढं कळवावं. आम्ही त्याप्रमाणे सामान बांधू.