चढताना की उतरताना?

प्रस्तुत लेखकाच्या वरच्या डाव्या दाढेत अकरा वर्षांपूर्वी सिमेंट भरलेलं होतं. गेले सहा महिने ती दाढ थंड पाण्याने शिरशिरत होती, श्रीखंडाला कुरकुरत होती. "अहो, दिल्लीला जायच्या आधी एकदा दाखवून घ्या," असं सौ. तीनदा म्हणाल्या. पण भाचीचं लग्न, आहेर, बॅगांची वजनं, या गडबडीत दाढेचा नंबर लागला नाही. शिवाय जमिनीवर ती तशी फार दुखतही नव्हती.

पुण्याहून विमान उडालं आणि पट्टे सोडायची सूचना व्हायच्या आतच दाढेत कुणीतरी बारीक टाकी लावून ठोके घालायला सुरुवात केली. लेखकाने गालाला तळहात लावला. समोरच्या ट्रेवर वेफर्सचं पाकीट मुलाकडच्या मामांसारखं फुगून बसलं होतं.

खरं तर निदान त्या पाकिटातच होतं. विमान ३५,००० फुटांवर असलं, तरी आतल्या हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फुटांवर असतो तेवढा ठेवतात. कळसूबाई ५,४०० फूट! म्हणजे एकही लोखंडी शिडी न चढता लेखक महाराष्ट्राच्या माथ्याहून वर जाऊन बसला होता. ८,००० फुटांवर दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट उरतो आणि कोंडलेली हवा सुमारे एकतृतीयांशाने फुगू पाहते. रॉबर्ट बॉइलने हे १६६२ मध्येच सांगून ठेवलंय, लेखकाने अकरावीत ते पाठही केलं होतं. पाकिटाला फुगायला जागा असते. दाढ चहूबाजूंनी टणक. जुन्या सिमेंटखाली हवा अडकते, की आतली सुजलेली नस दाब बदलताच चिडते, यावर जाणकारांचं एकमत नाही. ठणका मात्र एकमताने येतो.

गोळ्या घेतल्या होत्या. फक्त त्या विमानाच्या पोटात, मोठ्या बॅगेत होत्या.

मग आजूबाजूला दवाखाना भरला. हवाई सुंदरीने कळवळून कॉफी विचारली. लेखक संकोचाने हो म्हणाला आणि पहिल्याच घोटाला त्याला ब्रह्मांड आठवलं, कारण नस सुजलेली असली की गरम पेय म्हणजे आगीत तेल. मागच्या बाईंनी अ‍ॅस्पिरिन हिरडीवर ठेवायला सांगितलं. त्याने हिरडी भाजून निघते, हे सुदैवाने लेखकाला ठाऊक होतं. अखेर खिडकीजवळच्या आजोबांनी बंडीच्या खिशातून डबी काढली. "लवंग घ्या. चावू नका, नुसती दाढेशी दाबून धरा." वर गालाला बाहेरून बर्फ. पाच मिनिटांत टाकीवाल्याने निदान चहाची सुट्टी घेतली.

दिल्लीत भाचीच्या हळदीऐवजी मामा आधी दातांच्या खुर्चीत पोचला. डॉक्टरीणबाईंनी आ करायला सांगण्याआधी विचारलं, "चढताना दुखलं की उतरताना?" लेखकाला वाटलं, जिन्याबद्दल विचारताहेत. पण या दुखण्यात तोच मुद्दा. चढताना कळ आली तर बहुधा नस सुजलेली. फक्त उतरताना वरच्या दाढा दुखल्या तर संशय सायनसवर, कारण त्या दाढांची मुळं गालामागच्या पोकळीला जवळजवळ खेटूनच असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांमुळे या दुखण्याला नाव मिळालं, एअरोडोंटाल्जिया. पुढे पाणबुड्यांनाही तोच त्रास होतो म्हटल्यावर ते बॅरोडोंटाल्जिया झालं. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, त्यामुळे किडकी दाढ घेऊन तारकर्लीला स्कूबा करायचा बेतही लेखकाने तिथल्या तिथे रद्द केला.

सिमेंटखाली कीड निघाली. रूट कॅनालचा पहिला हप्ता झाला आणि वर तात्पुरतं सिमेंट बसलं. त्याला वास लवंगेचा! आजोबांच्या डबीतलंच औषध, डिग्री लावून आलेलं. उपचारानंतर एक-दोन दिवस तरी विमान नको आणि वरची दाढ काढून सायनसला भोक पडलं असेल तर दोन आठवडे थांबा, असं बाईंनी बजावलं. लेखकाचं परतीचं तिकीट चार दिवसांनी होतं. लग्नात जिलब्या उजव्या बाजूने खाल्ल्या.

परतताना गोळ्या आणि लवंगा, दोन्ही सदऱ्याच्या खिशात. दाढेने अवाक्षर काढलं नाही. पुणं जवळ आलं, वेफर्सचं पाकीट चपटं होऊ लागलं आणि शेजारच्या तरुणाने एकाएकी गाल धरला. सकाळपासून तो शिंकत होताच.

"चढताना दुखलं की आत्ता उतरताना?" लेखकाने भारदस्त आवाजात विचारलं.

"आत्ताच, काका. वरच्या सगळ्याच दाढा."

"मग दाढ नव्हे, सायनस. सर्दीत उडायचंच झालं, तर नाकात मारायच्या औषधाचं डॉक्टरांना आधी विचारायचं." एवढं बोलून लेखकाने त्याच्या हातावर लवंग ठेवली. सायनसला तिचा काही उपयोग नसतो, पण खिशात होती.