जीपवाले भाऊसाहेब

नाशिकच्या प्रत्येक कॉलनीत एक भाऊसाहेब असतात आणि त्यांच्याकडे एक जुनी जीप असते. जीप उभी असते आणि भाऊसाहेब तिच्याखाली आडवे असतात. रविवारी सकाळी कॉलनीला त्यांचं दर्शन होतं ते गुडघ्यापासून खाली. दूधवाला बिल त्यांच्या चपलांपाशी ठेवतो आणि शेजारी नमस्कारही चपलांनाच करतात. आतून आवाज येतो, "जरा चौदाचा पाना द्या हो!"

वय पंचावन्नच्या आसपास. सगळी नोकरी सातपूर नाहीतर अंबडच्या औद्योगिक वसाहतीत झालेली. घरी रोजच्या वापराला एक पांढरी, गुणी मोटार आहे. तिच्या चाकांत हवा आहे की नाही हे भाऊसाहेब सहा-सहा महिने पाहत नाहीत. ती बिचारी कधी बंद पडत नाही, म्हणून तिच्याविषयी त्यांना बोलण्यासारखं काही नसतं.

नाशिककराला जीपचं वेड लागलं तर त्यात त्याचा दोष थोडाच. महिंद्रांनी १९४७ साली विलिस जीप या देशात आणली, आणि पुढे जीपच्या पोटात प्यूजोचं डिझेल इंजिन गेलं ते आपल्या इगतपुरीच्या कारखान्यातून. २०२० साली आलेली नवी थारसुद्धा नाशिकचीच. शिवाय देवळालीला तोफखान्याची शाळा. लहानपणी रस्त्याने लष्करी जीप गेली की भाऊसाहेब अभ्यास सोडून धावायचे. अभ्यास सोडण्याची ती सवय टिकली. मात्र नव्या थारचं नाव काढलं की ते नाक मुरडतात. "एसी आहे हो तिला," असं ते अशा सुरात सांगतात, की ऐकणाऱ्याला स्थळात काहीतरी खोट निघाल्यासारखं वाटावं.

त्यांची गाडी म्हणजे महिंद्राची जुनी एमएम ५४०. ती सापडली निफाडकडच्या एका कांदाचाळीमागे. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली आणि पुढच्या सीटवर सीटच नव्हती. मालक म्हणाला, "इंजिनाला हात लावायचं काम नाही, भाऊसाहेब. फक्त बॅटरी टाका." जुनी जीप विकणारा प्रत्येक माणूस हेच वाक्य म्हणतो आणि घेणारा प्रत्येक माणूस त्यावर विश्वास ठेवतो. भाऊसाहेबांनी बॅटरी टाकली. मग स्टार्टर टाकला. मग हीटर प्लग, मग नोझल, मग पंप खोलला, मग हेड उतरवलं. बॅटरी तेवढी खरंच चांगली निघाली.

इथपर्यंत झाली दुरुस्ती. दुरुस्तीला कुठेतरी अंत असतो. खरा खेळ सुरू होतो तो अपग्रेडचा.

भाऊसाहेबांनी फक्त टायर बदलायचे ठरवले होते. मूळचे अरुंद टायर काढून रुंद, खोल नक्षीचे, चिखलाचे टायर बसवले. ते वळताना मडगार्डला घासू लागले, म्हणून जीप उचलायला हवी. स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पाटा घातला आणि शॅकल लांब केले. जीप उचलली गेली, तशी प्रॉपेलर शाफ्ट तिरकी झाली आणि जॉइंट क्रॉस खडखडू लागला. ब्रेकचे पाइप तोकडे पडले. मोठ्या चाकांनी स्टेअरिंग जड झालं, तेव्हा बोलेरोचं पॉवर स्टेअरिंग आणलं. त्याचा पंप बसवायला ब्रॅकेट हवा, ब्रॅकेटसाठी लेथवाला, आणि लेथवाला लग्नाला गावी गेलेला. तो आला तेव्हा पट्टा पंख्याला घासत होता. मोठ्या चाकांनी चढावर दमही कमी पडू लागला, म्हणजे आता क्राऊन-पिनियन बदलणं आलं.

क्राऊन-पिनियन हा भाऊसाहेबांचा पत्रिका पाहण्याचा विषय आहे. आठ-एकोणचाळीस की आठ-त्रेचाळीस? आठ दात पिनियनचे, पुढचा आकडा क्राऊनचा. एकोणचाळीसला भागाकार ४.८८ येतो, त्रेचाळीसला ५.३८. दुसऱ्यात वेग कमी आणि ओढ जास्त. पण पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगचे आकडे जुळलेच पाहिजेत, नाहीतर फोर-बाय-फोर टाकल्याबरोबर पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरं, आणि भांडण मिटवता मिटवता गिअरबॉक्स जातो. म्हणून भंगारातलं हाउसिंग घेण्याआधी भाऊसाहेब झाकण उघडून, बोटाला ग्रीस लावत दात मोजतात. मोजताना कुणी "काय भाऊसाहेब, बरंय ना?" असं विचारलं तर पुन्हा पहिल्यापासून.

नाशिकच्याच द्वारका चौकाच्या बाजूला त्यांचे एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचा आवाजावरून बेअरिंग ओळखतात आणि चेहऱ्यावरून गिऱ्हाईक. भाऊसाहेब काहीही नवीन बोलले की चाचा कापडाला हात पुसत एकच सल्ला देतात : "साहेब, कंपनीने दिलंय तसं राहू द्या." हा सल्ला ते गेली कित्येक वर्षं फुकट देत आले आहेत. भाऊसाहेबांनी तो ऐकला असता तर चाचांच्या गॅरेजवर दुसरा मजला चढला नसता.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकालही चाचांच्याच बाजूने आहे : कंपनीच्या मूळ रचनेत वाटेल ते बदल चालत नाहीत. पंधरा वर्षांवरच्या गाडीला फेरनोंदणी, फिटनेस आणि वर पर्यावरण कर. त्यामुळे आरटीओची तारीख जवळ आली की भाऊसाहेबांच्या दारात उलटी गंगा सुरू होते. लोखंडी बंपर उतरतो, छतावरचे दिवे उतरतात, जुने टायर माळ्यावरून खाली येतात. कागदावरची मूळ जीप कशी दिसत होती हे कॉलनीला तेवढ्या एका दिवशी कळतं.

आणि मग वर्षातून एखाद्या पावसाळी रविवारी ती खरोखर निघते. गिरणारेमार्गे, कश्यपी धरणाच्या बाजूला. भाऊसाहेब उतरून पुढच्या चाकांचे हब फिरवून लॉक करतात, लहान गिअर टाकतात आणि थाटात चिखलात शिरतात. बरोबरच्यांना समजावून सांगतात, "रेस द्यायची नाही. लो-मध्ये तिची ती चढते." ती चढतेही. तो क्षण खरा असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. एखादं चाक हवेत, एखादं दगडावर, इंजिन संथ धडधडतंय आणि पन्नास वर्षांचा अनुभव असल्यासारखी जीप वर येते. भाऊसाहेबांच्या तोंडून शब्द फुटत नाही.

पुढच्याच वळणावर ती काळ्या मातीत हाउसिंगपर्यंत बसते. विंच आहे, पण दोर बांधायला झाड नाही, कारण चारी बाजूंना टोमॅटो. शेवटी बांधावरून एक पोरगा ट्रॅक्टर घेऊन येतो, साखळी लावतो आणि एका हिसक्यात जीप बाहेर काढतो. जाता जाता विचारतो, "काका, हिला काम काय असतं?" असे प्रश्न भाऊसाहेबांना ऐकू येत नाहीत. डिझेल इंजिनाने कान गेलेत, असं ते सांगतात. परतताना मखमलाबादला मिसळ होते आणि तिसऱ्या पावाला ट्रॅक्टर गोष्टीतून गाळला जातो.

घरी वहिनी विचारतात, "अहो, झाली का एकदाची पूर्ण?" भाऊसाहेब म्हणतात, "बस, आता डिस्क ब्रेक तेवढे राहिलेत." वहिनी हसतात. पूर्ण झालेली जीप म्हणजे दिवसभर घरात बसलेले भाऊसाहेब, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मागच्या दिवाळीला ग्रीसगन त्यांनीच आणून दिली.

माझं मत विचाराल तर असा माणूस कॉलनीत एक तरी असावा. दिवे गेले की फ्यूज तोच बघतो, नळ गळाला की वॉशर त्याच्याच डब्यात सापडतो, आणि रात्री दोनला दवाखान्यात न्यायचं झालं तर तोच आधी उठतो. नेतो मात्र पांढऱ्या मोटारीतून. तुम्हालाही जीप घ्यायची असेल तर त्याला जरूर बरोबर न्या. तो चेसिसचा नंबर कागदाशी ताडून देईल, पाट्याखाली वेल्डिंग कुठे लपलंय ते दाखवेल, हाउसिंगचे दात मोजून देईल. फक्त घ्यावी की न घ्यावी, हे त्याला विचारू नका. ते वहिनींना विचारा.