परसातील रॅकून : श्वानधारकांसाठी मार्गदर्शन

रॅकून हा उत्तर अमेरिकेतील निशाचर प्राणी असून टोरांटोत तो घरपट्टी न भरणारा रहिवासी म्हणून सुखाने नांदतो. वजन साधारण पाच ते दहा किलो, शेपटीवर काळी कडी आणि डोळ्यांवर काळा पट्टा. हा पट्टा पाहून नवखा माणूस त्याला चोर समजतो. जुन्या रहिवाशांना हे पटत नाही, कारण चोर रोज येत नाही.

कळीचा मुद्दा त्याच्या पुढच्या पंजांचा. माणसासारखा वळणारा अंगठा नसूनही तो पाच बोटांनी झाकणे उचलतो आणि कड्या काढतो. मेंदूचा बराच भाग या पंजांच्या स्पर्शज्ञानाला वाहिलेला असतो आणि पंजे ओले झाले की स्पर्श आणखी तल्लख होतो. कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात दोन्ही हात बुडवून तो बसलेला दिसल्यास त्याला स्वच्छतेची आवड आहे असे समजू नये. तो शोध घेत असतो.

टोरांटो महापालिकेने 2016 पासून ओल्या कचऱ्याचे नवे हिरवे डबे वाटले. त्यांना फिरवून उघडायचा खटका आहे. खर्च सुमारे 3 कोटी 10 लाख डॉलर. 2018 पर्यंत डबा आडवा पाडून खटका फिरवणारे रॅकून आढळले. एवढ्या पैशांत जे साधले नाही ते पाच डॉलरच्या कुलपाने साधेल, अशी आशा घरमालकाने बाळगू नये.

त्यापेक्षा आमंत्रणे कमी करावीत. कुत्र्याचे उरलेले खाणे रात्री बाहेर राहू नये. पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे संध्याकाळी आत घ्यावेत. हिरवळ रातोरात उकरलेली दिसल्यास दोष मातीतल्या अळ्यांचा असतो. त्या गेल्या की उकरणाराही जातो. टोरांटोजवळच्या मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनच्या मराठी घरात उन्हाळ्यात मागच्या अंगणी कुरडया वाळत घातल्या असतील, तर सूर्य मावळण्यापूर्वी त्या उचलाव्यात. तेथे सूर्य रात्री नऊपर्यंत रेंगाळतो, हे सोयीचेच आहे.

घरगुती उपायांत तिखट पूड आणि डांबरगोळ्या आघाडीवर असतात. तिखट पावसात वाहून जाते आणि तोवर ते हुंगण्याचा पहिला मान घरच्या कुत्र्यालाच मिळतो. डांबरगोळ्या तर कुत्र्याला विषारीच. हालचाल टिपून पाणी उडवणारा फवारा काही काळ उपयोगी पडतो. पुढे रॅकूनला त्याची सवय होते आणि भिजतो तो कुत्रा.

आता खुद्द कुत्र्याविषयी. परसाची मालकी आपली, असे त्याचे ठाम मत असते आणि ते तो रात्री दोन वाजता मांडतो. रॅकून सहसा वाद टाळून झाडावर चढतो. मात्र कोंडीत सापडलेला रॅकून किंवा पिल्लांची आई माघार घेत नाही. दात आणि नखे दोन्ही वापरते. म्हणून कुत्र्याला बाहेर सोडण्यापूर्वी अंगणातला दिवा लावावा, दार वाजवावे, थोडे थांबावे आणि मग पट्टा धरूनच बाहेर न्यावे. पाहुण्याला निघून जायला वेळ देणे हा येथे शिष्टाचार नसून प्रथमोपचार आहे. झुंज जुंपलीच तर मध्ये हात घालू नये. नळीने पाण्याचा जोरदार मारा करावा. चावा लहान असला तरी पशुवैद्याकडे जावे, कुत्र्याला लस दिलेली असली तरीही.

ही सावधगिरी अनाठायी नाही. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओत रॅकूनमधला रेबीज आटोक्यात आला होता. डिसेंबर 2015 मध्ये हॅमिल्टन येथे प्राणी नियंत्रण विभागाच्या गाडीत दोन कुत्रे आणि एक रॅकून यांची मारामारी झाली. त्या रॅकूनच्या तपासणीत रेबीज निघाला आणि साथ परतल्याचे कळले. याशिवाय डिस्टेंपर आणि लेप्टोस्पायरोसिस आहेतच. तिन्हींवर कुत्र्यासाठी लस मिळते. रॅकूनच्या विष्ठेतील गोलकृमींची अंडी मात्र ब्लीचला दाद देत नाहीत. तेथे उकळते पाणी, हातमोजे आणि तोंडावर मास्क लागतो. त्या कोपऱ्यात कुत्र्याला फिरकू देऊ नये, मुलांना तर नाहीच. दिवसा दिसलेला प्रत्येक रॅकून पिसाळलेला नसतो, पण झोकांड्या खाणारा दिसल्यास टोरांटोत 311 ला फोन करावा.

वसंतात मादी माळ्यावर पिल्ले घालते. ती बाहेर गेलेली पाहून भोक बुजवले, तर पिल्ले आत राहतात आणि आई छप्पर उचकटते. पिल्ले चालती होईपर्यंत थांबावे किंवा जाणकाराला बोलवावे. पिंजऱ्यात पकडून दूर सोडण्याचा बेत कायद्यापुढे टिकत नाही: ओंटारिओत पकडलेला प्राणी एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. रॅकूनच्या हिशेबी ही जेवणानंतरची शतपावली.

शेवटचा मोह पिल्लू पाळण्याचा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांना 1926 मध्ये थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीसाठी जिवंत रॅकून भेट आली. त्यांनी ती खाल्ली नाही, रेबेका नाव ठेवून व्हाइट हाउसमध्ये पाळली. ओंटारिओच्या घरमालकाला हा दाखला चालणार नाही. तेथे रॅकून पाळणे बेकायदेशीर आहे आणि या एका मुद्द्यावर कुत्र्याचे मत कायद्याशी तंतोतंत जुळते.